धागा: रोज कमरेला पिस्तूल बाळगायचं तर होल्स्टर कोणतं घ्यावं?

केटीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एलटीसीचा (लायसन्स टू कॅरी, टेक्सासचा पिस्तूल बाळगायचा परवाना) वर्ग झाला, नेमबाजीची परीक्षाही झाली. ५० गोळ्या, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण लागतात. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं हे ठाऊक आहे. तरी कायदा नीट समजावा आणि शेजारच्या राज्यांत अडचण नको म्हणून परवाना काढला. पिस्तूल सिग पी३६५.

इथवर सगळं सुरळीत होतं. होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं कमरेचं म्यान, घ्यायला गेलो आणि डोकं चक्रावलं. आख्खी भिंत भरलेली. दुकानदार एक नायलॉनचं मऊ होल्स्टर हातात देऊन म्हणाला, "हे सगळ्यांना बसतं, वीस डॉलर." सगळ्यांना बसतं म्हटल्यावरच मला शंका आली, तसाच परत आलो.

माझी परिस्थिती: ह्यूस्टनचा उन्हाळा, पोट थोडं सुटलेलं, ऑफिसात शर्ट खोचावा लागत नाही, रोज तासभर ड्रायव्हिंग. घरात दोन लहान मुलं. बायकोचा होकार आहे, पण अर्धाच. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ता. क. बंदूक असावी की नसावी, हा या धाग्याचा विषय नाही. त्या विषयावरच्या जुन्या धाग्यांचं काश्मीर (न संपणारं भांडण) झालेलं आहे, कृपया तिकडे जावे.

सातारी_तिखट

अभिनंदन राव. होल्स्टरच्या आधी पट्टा घ्या.

थट्टा नाही. पी३६५ रिकामं असताना अर्धा किलो भरतं, गोळ्या भरल्या की आणखी. ऑफिसचा नेहमीचा चामड्याचा पट्टा हे वजन दुपारपर्यंतच पेलतो. मग तो वाकतो, पिस्तुलाची मूठ अंगापासून बाहेर कलते, शर्टावर आकार उठतो आणि माणूस दिवसभर पँट वर ओढत बसतो. लोकांच्या नजरेत पिस्तूल येत नाही, ते ओढणं येतं. गन बेल्ट म्हणून जे मिळतात त्यांच्या आत पॉलिमरची किंवा स्टीलची पट्टी असते, रुंदी साधारण दीड इंच. रॅचेटचा घ्या. भोकांऐवजी बारीक दाते असतात, त्यामुळे जेवण झालं की एक दात सैल करता येतो. ५० ते १०० डॉलर. आणि पँट कमरेला एक इंच जास्त घ्या, नाहीतर होल्स्टर आत जाणारच नाही.

शंकासुर

दूध आणायला जाताना कमरेला पिस्तूल. काय दिवस आले! लहान मुलं असलेल्या घरात धोका चोरापेक्षा त्या पिस्तुलाचाच जास्त, हे लिहिल्यावाचून राहवत नाही. आता उडवा माझा प्रतिसाद.

संपादक मंडळ

शंकासुर, प्रतिसाद ठेवला आहे. मुलांचा मुद्दा विषयाला धरून आहे. बाकी वाद इथे नको.

अळूचं_फदफदं

सॅन अँटोनिओजवळच्या एका नेमबाजीच्या रेंजवर शनिवार-रविवार शिकवतो, म्हणून जरा लांबण लावतो. चहा घेऊन बसा.

शंकासुरांचं म्हणणं मला पटतं, आणि म्हणूनच होल्स्टर महत्त्वाचं. पिस्तूल लपवणं हे होल्स्टरचं दुय्यम काम. मुख्य काम चाप झाकणं. आजची बरीचशी छोटी पिस्तुलं, ग्लॉक असो की सिग, अंगठ्यानं लावायच्या सेफ्टीशिवाय, म्हणजे चाप रोखणाऱ्या खटक्याशिवाय, येतात (पी३६५ मध्ये दोन्ही प्रकार मिळतात). ग्लॉकचा चाप साडेपाच पौंडांच्या आसपास ओढला की गोळी सुटते. तो चाप बोटानं ओढलाय, शर्टाच्या टोकानं, की जॅकेटच्या नाडीला असतो त्या प्लास्टिकच्या गोळीनं, हे पिस्तुलाला कळत नाही. म्हणून चापाभोवतीचं सगळं कडं कडक वस्तूनं झाकलेलं हवं. बाहेरून बोटानं दाबून बघा. दाब चापापर्यंत पोचला तर ते होल्स्टर नव्हे, पिशवी. दुकानदारानं दाखवलेलं नायलॉनचं बहुधा यातच मोडतं.

दुसरं, पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडंच राहिलं पाहिजे. मऊ चामडं वापरून वापरून सैल पडतं, तोंडाची कड आत दुमडते आणि पिस्तूल परत घालताना तीच कड चापाच्या कड्यात शिरते. असे अपघात झालेले आहेत. चांगल्या चामड्याच्या होल्स्टरला तोंडाशी धातूची किंवा जाड चामड्याची पट्टी शिवलेली असते ती याचसाठी.

तिसरं, पकड. रिकामं पिस्तूल होल्स्टरात घाला, गादीवर उलटं धरून हलवा. पडलं नाही पाहिजे. कायडेक्स म्हणजे तापवून साच्यात दाबलेलं प्लास्टिक. ते चापाच्या कड्यावर 'टक' करून बसतं आणि स्क्रूनं पकड कमीजास्त करता येते. घामानं काही होत नाही, धुता येतं. म्हणून ह्यूस्टनला माझं मत कायडेक्सलाच. चामडं अंगाला सुखकर, पण घाम पितं. पिस्तूल रात्रभर चामड्यात ठेवून देऊ नये, गंज धरतो. पाठीमागे चामडं आणि पुढे कायडेक्स असे मिश्र प्रकारही मिळतात. आरामशीर असतात, पण आकारानं पसरट, आणि मागचं चामडं कालांतरानं तोंडाशी मऊ पडतं, त्यावर लक्ष ठेवावं लागतं.

अजून एक. होल्स्टर नेमक्या त्याच मॉडेलचं घ्यायचं. पी३६५ चं वेगळं, पी३६५एक्सएलचं वेगळं. पिस्तुलाला पुढे टॉर्च लावणार असाल तर त्या टॉर्चसकटचं होल्स्टर लागतं. त्यात तोंड रुंद होतं आणि काही मोठ्या टॉर्चच्या होल्स्टरांत चापाशी फट राहते. नव्या माणसानं पिस्तुलावर टॉर्च लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. खिशात वेगळी टॉर्च ठेवा, दहादा उपयोगी पडेल.

आता जागा. कमरेचं घड्याळ धरा, बेंबी म्हणजे १२. उजव्या हाताची माणसं ३ ते ४ वाजता ठेवतात किंवा पुढे १ वाजता. ४ वाजताचं उभं राहायला छान. पण गाडीत सीटला टोचतं, सीटबेल्ट मध्ये येतो, आणि खाली वाकलं की पाठीमागे मूठ उठून दिसते. पुढच्या जागेला अपेंडिक्स म्हणतात. झाकतं उत्तम, गाडीत हात पोचतो, गर्दीत कोणाचा धक्का लागला तर ते पिस्तूल तुमच्या नजरेसमोर असतं. तोटा असा की नळी मांडीच्या आणि त्याहून नाजूक भागाच्या दिशेला असते. मांडीची धमनी तिथूनच जाते. चूक माफ नाही.

पोटवाल्यांना अपेंडिक्स जमत नाही असं म्हणतात. जमतं, पण क्लॉ आणि वेज असलेलं होल्स्टर घ्यावं लागतं. क्लॉ म्हणजे बाजूला आलेला पंख, तो पट्ट्याच्या आतून रेटा घेतो आणि मूठ अंगाकडे वळवतो. वेज म्हणजे खालच्या टोकाला मागून लावलेला फोमचा तुकडा, त्यानं नळी अंगापासून दूर आणि वरचा भाग पोटाकडे झुकतो. शर्टावर आकार उठतो तो मुठीचा. नळी कितीही लांब असली तरी पँटीत गडप होते. त्यामुळे 'छोटी नळी घ्या म्हणजे लपेल' हा दुकानातला सल्ला अर्धवट.

परत ठेवताना घाई करायचं काहीच कारण नसतं. शर्ट दुसऱ्या हातानं छातीपर्यंत वर, बोट चापाबाहेर, मान खाली घालून होल्स्टरात बघा, कंबर थोडी पुढे काढा, मग सावकाश. अपेंडिक्सवाल्यांनी तर होल्स्टर काढून पिस्तूल त्यात बसवावं आणि मग दोन्ही एकत्र कमरेला लावावं. रात्रीही तसंच, होल्स्टरसकट काढून तिजोरीत. पिस्तूल जितकं कमी हाताळाल तितकं बरं.

सातारी_तिखट

दंडवत! वाचनखूण साठवली.

एक भर. बाहेरून बटण दाबून सुटणारी जी होल्स्टरं असतात, ब्लॅकहॉकच्या सर्पासारखी, ती टाळा. बटण तर्जनीनं दाबायचं असतं. घाईत जोर लागतो आणि पिस्तूल वर येता येता तेच बोट थेट चापावर उतरतं. बऱ्याच प्रशिक्षण शाळा ती वर्गात येऊ देत नाहीत.

माहेरवाशीण_ऑस्टिन

सगळे पुरुष बोलले, आता मी बोलते.

दुकानात बाई गेली की पहिलं काय दाखवतात? पिस्तूल ठेवायचा कप्पा असलेली पर्स. गुलाबी. घेऊ नका गं बायांनो. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोत हेडन इथल्या वॉलमार्टमध्ये एक आई मुलांना घेऊन खरेदीला गेली होती. परवाना होता, पर्सही त्याच कामासाठी बनवलेली, चेनचा वेगळा कप्पा असलेली. पर्स ट्रॉलीत होती. दोन वर्षांच्या मुलानं आत हात घातला, गोळी सुटली आणि आई गेली. पर्स आपण खुर्चीला अडकवतो, बहिणीच्या हातात देतो, देवळात चपलांजवळ ठेवतो. जे अंगावर नाही ते आपल्या ताब्यात नाही.

मग अंगावर ठेवायचं कसं? आपल्या कपड्यांना पट्टाच नसतो ही खरी अडचण. लेगिंग, कुर्ता, सलवार, काय करणार! इलॅस्टिकचे बेली बँड मिळतात. त्यातले नुसते कापडी असतात ते बाद, चापावर कायडेक्सचं कवच असेल तरच घ्या. मी वापरते ते फिल्स्टर कंपनीचं एनिग्मा. होल्स्टरखाली स्वतःचा पट्टा असलेला सांगाडा असतो, पँटीशी काही संबंध नाही, थेट अंगावर बांधायचा. कुर्त्याखाली काहीही दिसत नाही. बसवायला वेळ लागतो, पट्ट्या कमीजास्त करत आरशासमोर संध्याकाळ घालवावी लागते. साडीत मात्र नको. मी प्रयत्नही करत नाही. निऱ्या, पदर, पिन, यातून हात पोचायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात पळून जाणं बरं.

केटीकर, बायकोचा अर्धा होकार पूर्ण करायचा असेल तर आधी तिजोरी आणा. पलंगाजवळ बोटांच्या बटणांनी उघडणारी, भिंतीला किंवा पलंगाला बोल्ट केलेली. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागू दिलं तर तो गुन्हा आहे. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं होतं ही सबब चालत नाही. मुलं चढतात.

शंकासुर

माहेरवाशीण, हा प्रतिसाद आवडला. माझं मत तेच आहे, पण आवडला.

नवा_पाहुणा

मी एच-१बी व्हिसावर आहे, प्लेनोला. मित्र म्हणतो टेक्सासात काही लागत नाही, सरळ विकत घे. खरं का?

अळूचं_फदफदं

नाही! मित्राचं ऐकू नका.

टेक्सासचा कायदा काहीही म्हणो, फेडरल कायद्यानुसार नॉनइमिग्रंट (तात्पुरत्या) व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला मनाई आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ सगळे त्यात आले. वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद आहे, पण त्याच्या भरवशावर काही करण्याआधी वकिलाकडून लेखी सल्ला घ्या. २०२२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा १५ वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि इमिग्रेशनचं जे होईल ते वेगळंच. रेंजवर भाड्यानं घेऊन दोन गोळ्या उडवणं हाही ताबाच धरला जातो. ऑफिसची 'टीम आउटिंग' रेंजवर असते तेव्हा कोणी हे विचारत नाही, आपण विचारायचं. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई लागू नाही.

नवरा नागरिक आणि बायको एच-४ वर असं घर असेल तर तिजोरीचा आकडा कोणाला माहीत असावा, हाही वकिलालाच विचारायचा प्रश्न आहे.

जर्सीचा_जावई

तुमचं टेक्सास म्हणजे मोकळं रान. आमची कथा ऐका.

२३ जून २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा ब्रूएन निकाल आला, तोवर न्यू जर्सीत सामान्य माणसाला परवाना मिळणं जवळजवळ अशक्यच होतं. 'सबळ गरज' दाखवावी लागायची, आणि ती कोणाचीच सबळ ठरायची नाही. निकालानंतर ती अट गेली, त्याच डिसेंबरात नवा कायदा आला. त्यात पिस्तूल होल्स्टरातच आणि झाकलेलंच हवं. तेव्हा तुमच्याकडे जी सल्लामसलत चाललीय ती आमच्याकडे कायद्यातच लिहिलेली. मॅगझिन, म्हणजे पिस्तुलातली गोळ्यांची पेटी, १० गोळ्यांपर्यंत. तुमचं पी३६५ मुळातल्या १० च्या मॅगझिनवर चालेल, १२ आणि १५ ची घरी ठेवा. आणि हॉलो पॉइंट (पोकळ टोकाच्या) गोळ्या, ज्या बाकी देशात स्वसंरक्षणासाठी सर्रास वापरतात, त्या भरून इथे रस्त्यावर फिरता येत नाही.

मेव्हण्याच्या मुलीच्या बारशाला इकडे याल तर टेक्सासचा परवाना इथे चालत नाही. न्यूयॉर्कातही नाही, कॅलिफोर्नियातही नाही. पिस्तूल तिकडेच ठेवून या, बाळाला बाळलेणं आणा.

सातारी_तिखट

विमानाचं निघालंच आहे तर सांगतो. २०२३ साली टीएसएनं (अमेरिकेतली विमानतळ सुरक्षा यंत्रणा) तपासणी नाक्यांवर ६,७३७ बंदुका पकडल्या, त्यातल्या ९३ टक्के भरलेल्या. बहुतेकांचं म्हणणं एकच, बॅगेत आहे हे विसरलो. त्या वर्षी दंड पंधरा हजार डॉलरच्या जवळपास जाऊ शकत होता. रेंजला न्यायची बॅग वेगळी ठेवा आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका.

निवांत_पाटील (कोल्हापूर)

सातारी, याच्यात भारताची भर घाला. बॅगेच्या अस्तरात एखादं जिवंत काडतूस राहिलं आणि मुंबईच्या किंवा दिल्लीच्या विमानतळावर स्क्रीनवर दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. 'जाणीवपूर्वक ताबा' नव्हता या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयानं असे बरेच गुन्हे रद्द केलेत, पण तोवर अटक, जामीन, वकील, सुट्टी संपली. रेंजची बॅग भारतात आणायचीच नाही.

रच्याकने (बाय द वे), इकडे माझ्याकडे .३२ चं परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. शेती आणि रोकड, म्हणून वडिलांपासून घरात परवाना. तुम्हाला वाटेल इकडे होल्स्टरचं काय कौतुक, पण २०१६ च्या शस्त्र नियमांत सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरात किंवा तशाच आवरणात आणि पूर्ण झाकलेलंच असावं असं म्हटलंय. लग्नाच्या वरातीत कमरेचं दाखवत फिरणारे हे वाचत नाहीत. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायचं ते वेगळंच. होल्स्टर म्हणाल तर इकडे कायडेक्स सहज मिळत नाही, आमच्या गावात चामड्याला मात्र तोटा नाही. चपला शिवणाऱ्या एका कारागिराकडून तोंडाशी दुहेरी चामडं घालून, वर बटणाची पट्टी लावून करून घेतलं. रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो म्हणून हे चालतं. तुमच्या पिस्तुलाला असा प्रयोग करू नका.

अळूचं_फदफदं

पाटील, फोटो टाका! कोल्हापुरी होल्स्टर बघायचंय.

केटीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आता एक अगदी आपला प्रश्न. आमच्या मंडळाचा गणपती एका हायस्कूलच्या सभागृहात असतो. शनिवारी, शाळा बंद असते. तिथे परवान्यावर चालतं का? आणि देवळात?

माहेरवाशीण_ऑस्टिन

शाळेची इमारत ती शाळेची इमारत. शनिवार असो, मंडळानं भाड्यानं घेतलेली असो, आत न्यायचं नाही, परवाना असला तरी. थेट गंभीर गुन्हा. आपल्या मंडळांचे निम्मे कार्यक्रम शाळांतच होतात, तेव्हा हे पाठ करून ठेवा.

देवळाच्या दारावरची पाटी वाचा. ३०.०६ म्हणजे परवानाधारकानं झाकूनही आणायचं नाही, ३०.०७ म्हणजे उघड दिसेल असं आणायचं नाही, ३०.०५ बिनपरवानावाल्यांसाठी. इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, इंचभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. दारूच्या ठिकाणी लाल रंगात ५१% दिसलं की आल्या पावली मागे. पाटी नसली तरी तोंडी सांगितलं की ऐकायचं.

म्हणून तुमच्या यादीत अजून एक वस्तू: गाडीतली तिजोरी, स्टीलच्या दोरानं सीटच्या खालच्या दांड्याला बांधायची. आणि होल्स्टरसकट पिस्तूल त्यात ठेवायचं ते घरून निघताना किंवा वाटेत कुठेतरी. शाळेच्या पार्किंगमध्ये, मोदकांचे डबे उतरवणाऱ्या बायकांसमोर शर्ट वर करून नव्हे.

जर्सीचा_जावई

बाकी सामानाचं कोणीच बोललं नाही. जादा मॅगझिन घेतात ते गोळ्या कमी पडतील म्हणून नाही. पिस्तूल अडकतं तेव्हा दोष बऱ्याचदा मॅगझिनमध्येच असतो, म्हणून. त्याआधी मात्र पेपर स्प्रे. पार्किंगमध्ये कोणी नुसता अंगावर ओरडत आला तर त्याला पिस्तूल हे उत्तर नाही, आणि ज्याच्याकडे फक्त पिस्तूल आहे त्याच्याकडे मधला पर्याय उरत नाही. आणि टूर्निके, रक्त थांबवायचा पट्टा. 'स्टॉप द ब्लीड' चे वर्ग बऱ्याच ठिकाणी फुकट असतात. गाडीच्या अपघातात तो लागायची शक्यता पिस्तूल लागण्यापेक्षा कितीतरी जास्त.

शंकासुर

टूर्निकेला +१. शेवटी एक तरी वस्तू निघाली जी मीही घेईन.

केटीकर

ठरलं. रॅचेटचा पट्टा, पी३६५ चं क्लॉ-वेजवालं कायडेक्स, पलंगाजवळची तिजोरी, गाडीतली तिजोरी, पेपर स्प्रे, टूर्निके. पिस्तुलाच्या निम्मा खर्च सामानाचाच झाला. मंगळवारी होल्स्टर आलं. आधी रिकाम्या पिस्तुलानं, गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, घरातल्या घरात घालून फिरतोय. बसणं, वाकणं, बुटाची नाडी बांधणं, पोरांना उचलणं. पोटाला वरची कड टोचते आहे.

अळूचं_फदफदं

क्लिपची भोकं बघा, दोन-तीन उंचीला असतील. एक भोक बदलून होल्स्टर थोडं वर घ्या, वेज किंचित जाड लावा. मधोमध नको, १ वाजण्याच्या जरा पलीकडे सरकवा. आणि खाली अंगात गंजीफ्रॉक घाला, उघड्या कातडीवर कायडेक्स उन्हाळ्यात सहन होणार नाही.

हो, आणि जागा पक्की ठरली की सगळे स्क्रू काढून लॉकटाइटचा (स्क्रू घट्ट धरणारा गोंद) एकेक थेंब लावा. रोजच्या चालण्यानं ते सैल होतात. क्लिपचा स्क्रू पडला की पिस्तूल उपसताना होल्स्टरसकट हातात येतं.

केटीकर

गॅरेजमध्ये लाल लॉकटाइट आहे. चालेल?

अळूचं_फदफदं

निळं. लाल लावलंत तर तो स्क्रू पुन्हा तापवल्याशिवाय निघायचा नाही, आणि तापवलात तर कायडेक्स वितळेल.

निवांत_पाटील (कोल्हापूर)

फोटो उद्या टाकतो. कारागीर विचारतोय, ऑर्डर अमेरिकेतून येणार का?